गिरगावची परीक्षा

15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमाने मुंबईत इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. चित्रं दाखवणारं खातं वर्षाला 15,000 रुपयांना, नुसती अक्षरं दाखवणारं 'शेल' खातं 5,000 रुपयांना, आणि विद्यार्थ्यांना ते 500 रुपयांत. आपल्या चाळींतल्या अनेक मुलांना पहिली ईमेल भेटली ती त्यामुळे काळ्या पडद्यावर. घरात फोन एकच. तो मोडेमला लावला की बाकीच्यांनी थांबायचं. म्हणून पत्र आधी सवडीने लिहून ठेवायचं आणि लाइन लागली की पाठवायचं.

त्या पडद्यावर बहुधा पाइन हा ईमेलचा प्रोग्रॅम असे. वॉशिंग्टन विद्यापीठात 1989 मध्ये त्याचं काम सुरू झालं. कुठली कळ काय करते ते पडद्याच्या तळाशी दोन ओळींत कायम लिहिलेलं असतं. नवख्या माणसाला शिकवणीची गरज पडत नाही. त्याचाच वारस अल्पाइन आजही मिळतो. मायकेल एल्किन्सने 1995 मध्ये आणलेल्या मट या दुसऱ्या ईमेल प्रोग्रॅमचा स्वभाव वेगळा. त्याला स्वतःचा एडिटर नाही, तुमचा तुम्ही जोडायचा. कळाही हव्या तशा बदलून घ्यायच्या. एका विषयावरची शंभर पत्रं तो उत्तर-प्रत्युत्तरांच्या फांद्या करून समोर मांडतो. दिवसाला पाचदहा पत्रं येत असतील तर मी अल्पाइनच सुचवेन. पत्रांच्या ढिगात काम असेल तर मट शिकायचे कष्ट घ्यावेत, ते भरून निघतात.

पण आपण मराठी माणसं. आपला खरा प्रश्न याच्या पुढे आहे, आणि तो मला फार जिव्हाळ्याचा वाटतो.

हे प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत चालतात. टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटीचा कागद. एका घरात एक चिन्ह, ही त्याची मूळ समजूत. 'परळ' लिहा. तीन चिन्हं, तीन घरं, निभावतं. 'लालबाग'मधला काना अक्षराच्या मागे येतो, म्हणून तोही बराचसा सावरतो. आता 'गिरगाव' लिहा. युनिकोडमध्ये आधी 'ग' साठवला जातो, मग ऱ्हस्व वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. साध्या टर्मिनलला ही उलटापालट कळत नाही. वेलांटी 'ग'च्या पुढच्या घरात लटकते. 'विठ्ठल'मध्ये तर जोडाक्षरही फुटतं.

यात अल्पाइनचा किंवा मटचा दोष नाही. पत्रात 'गिरगाव'ची सहाच्या सहा चिन्हं शाबूत असतात. ज्याला ती मिळतात त्याच्या फोनवर 'गिरगाव' सुरेख उमटतं. चुकतं ते दाखवणाऱ्याचं. तेव्हा आधी टर्मिनल निवडा. एमएलटर्मसारखं भारतीय लिप्यांचा विचार केलेलं टर्मिनल घ्या, किंवा मटला खिडकीत उघडणारा, देवनागरी नीट जुळवणारा एडिटर जोडा.

आज घरी गेल्यावर स्वतःलाच एक पत्र पाठवा. विषयाच्या ओळीत 'गिरगाव' लिहा, मजकुरात 'विठ्ठल', आणि दोन्ही शब्द पडद्यावर कसे उमटतात ते पाहा.