आर्मेनियन मठातील पाच दिवस



धर्मकार्यासाठी दूरदेशी जावयाचे, तेथे आठ-पंधरा दिवस राहून उपदेश, शिकवणी किंवा रुग्णसेवा असे काही काम करावयाचे आणि मग परत येऊन आपल्या उद्योगास लागावयाचे, ही अल्पकालीन सेवायात्रेची प्रथा ख्रिस्ती समाजात आता चांगलीच रूढ झाली आहे. तिच्याविषयी दोन मते आढळतात. इतक्या थोड्या दिवसांत कोणाचे काय कल्याण होणार, असे एक पक्ष विचारतो. पेरणारा चार घटकाच शेतात असला तरी बी रुजावयाचे राहत नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. या वादाचा निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु असा एक जुना दाखला इतिहासात नमूद आहे, त्याचा एक धागा आपल्या मुंबई बंदरातून गेलेला आहे, आणि त्यात यात्रेकरूपेक्षा यजमानांकडूनच अधिक शिकण्यासारखे आहे, म्हणून तो आज आपणापुढे ठेवतो.

हे यजमान म्हणजे आर्मेनियन लोक. ते आपणास अगदीच अपरिचित नाहीत. नवी मुंबईहून हार्बर मार्गाच्या गाडीने मुंबईस उतरावे आणि फोर्टात चालत जावे, म्हणजे जुना मेडोज स्ट्रीट, आजचा नगीनदास मास्टर मार्ग, लागतो. तेथे संत पीटर यांच्या नावाचे आर्मेनियन चर्च आहे; त्याची स्थापना १७९६ सालची. सुरत, मद्रास, कलकत्ता या पेठांतूनही आर्मेनियन व्यापारी नांदत होते. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझ्दारार’ हे १७९४ साली मद्रास येथे निघाले, हे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटेल.

या लोकांचा धर्म फार जुना. परंपरेप्रमाणे इ. स. ३०१ मध्ये त्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म हा राज्यधर्म म्हणून स्वीकारला. सुमारे ४०५ साली मेस्रोप माश्तोत्स या विद्वान साधूने त्यांची लिपी सिद्ध केली आणि त्याच शतकात बायबल त्यांच्या भाषेत उतरले. आपल्या मराठीतील नवा करार सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला तो १८११ साली. म्हणजे या बाबतीत ते आपल्याहून चौदाशे वर्षांनी वडील होत.

त्याच १८११ सालच्या फेब्रुवारीत हेन्री मार्टिन नावाचे एक तरुण इंग्रज पाद्री कलकत्त्याहून जलमार्गाने मुंबईस आले. केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले होते. १८०६ पासून हिंदुस्थानात कंपनीचे धर्मोपदेशक म्हणून राहून त्यांनी नवा करार हिंदुस्थानी भाषेत उतरविला होता. ज्या दिवशी जहाजाने मुंबईस नांगर टाकला, त्याच दिवशी त्यांना तीस वर्षे पूर्ण झाली. क्षयाने शरीर पोखरले होते. फारसी भाषांतर अरबी शब्दांनी बोजड झालेले, म्हणून खुद्द इराणात जाऊन ते नव्याने करावे, हा त्यांचा संकल्प होता. प्रवासात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे त्यांचे सहप्रवासी होते. ते पुण्याच्या रेसिडेंटच्या जागेवर रुजू होण्यास निघाले होते. मुंबईत सर जॉन माल्कम यांनी इराणातील ओळखीच्या लोकांस पत्रे दिली. येथील न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश यांचीही गाठ पडली. पुढे जी एशियाटिक सोसायटी म्हणून नावारूपास आली, ती विद्वत्सभा १८०४ साली स्थापन करणारे ते हेच. मार्चच्या अखेरीस मार्टिन इराणच्या बंदराकडे निघाले.

शिराझ येथे सुमारे वर्षभर राहून, मिर्झा सय्यद अली यांच्या साहाय्याने त्यांनी फारसी नवा करार पुरा केला. विद्वानांशी वादविवाद झाले, निंदाही सोसावी लागली. प्रकृती अधिकच ढासळली, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेने स्वदेशी जावे असे ठरवून ते घोड्यावरून निघाले. या वाटेवर, १२ सप्टेंबर १८१२ रोजी, ते आर्मेनियन धर्माचे मुख्य पीठ जे एचमिआद्झिन, तेथील मठाच्या दाराशी येऊन पोहोचले.

येथे त्यांचा मुक्काम अवघा पाच दिवसांचा. सेरोप नावाचे एक साधू त्यांच्या दिमतीस होते. रोममध्ये शिकून, अनेक भाषा अवगत करून, ते पुन्हा आपल्या मूळ धर्मसंस्थेत परतले होते. आपल्या लोकांच्या शिक्षणाविषयी त्यांच्या मनात मोठ्या योजना होत्या. दोघांचे संभाषण पुष्कळ झाले. धर्मपीठाच्या अधिपतींनी पाहुण्यास प्रेमाने भेट दिली. पुढची वाट लुटारूंची, म्हणून सामानसुमान कसे न्यावे आणि हत्यार काय बाळगावे, याचीही मठवासीयांनी काळजी वाहिली. १७ तारखेस पहाटे मार्टिन निघाले, तेव्हा सेरोप व एक बिशप त्यांना काही अंतर पोहोचविण्यास गेले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. या इंग्रज तरुणाचा पंथ निराळा, उपासना निराळी. मेणबत्त्या, धूप, मिरवणुका हे त्याच्या मनास फारसे रुचणारे नव्हते. उलट मठवासीयांनीही त्यास ‘तू आमच्या संप्रदायाचा नव्हेस’ असे म्हणून परके मानले नाही. त्या पाच दिवसांत कोणी कोणाचे मतांतर केले नाही. एकाने आदराने ऐकून घेतले, दुसऱ्याने आदराने वागविले, एवढेच घडले. परंतु ते ‘एवढेच’ किती मोठे होते, याचा प्रत्यय महिनाभरातच आला.

पुढचा प्रवास फार कष्टाचा झाला. वाटाड्या तुर्क घोडी पिटाळीत असे आणि तापाने फणफणलेल्या माणसास विसावा देईना. ६ ऑक्टोबरची नोंद ही रोजनिशीतील शेवटची. त्या दिवशी एका बागेत बसून ईश्वरचिंतनात मिळालेल्या शांतीविषयी त्यांनी लिहिले आहे. १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तोकात गावी त्यांचा अंत झाला. वय एकतीस. गावात प्लेगची साथ चालू होती आणि आप्तस्वकीय कोणी जवळ नव्हते. अशा वेळी तेथील आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी त्यांना आपल्या स्मशानभूमीत, आपल्या धर्मगुरूस द्यावा तशा सन्मानाने, मूठमाती दिली. पुढे बगदादचे इंग्रज रेसिडेंट क्लॉडियस रिच यांनी थडग्यावर लॅटिन लेखाचा दगड बसविला. हे रिच म्हणजे मुंबईच्या त्याच मॅकिंटॉश साहेबांचे जावई; त्यांचा विवाहही १८०८ साली मुंबईतच झाला होता.

अठरा वर्षांनी, १८३० साली, ईलाय स्मिथ व ड्वाइट हे दोन अमेरिकन मिशनरी आर्मेनियन प्रदेशाची पाहणी करण्यास निघाले आणि त्यांनी तोकातचे ते थडगे पाहिले. ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ साली मुंबईस पहिले मिशनरी पाठवून मराठी मिशनचा पाया घातला, त्याच बोर्डाने त्यांनाही पाठविले होते. त्यांच्या पाहणीनंतर आर्मेनियन वस्तीत शाळा, छापखाने, दवाखाने निघाले. हे उपकार खरेच मोठे. परंतु त्याबरोबरच जुन्या व नव्या मतांत तेढ वाढली, बहिष्कार पुकारले गेले आणि १८४६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे आर्मेनियन प्रॉटेस्टंट मंडळी वेगळी झाली. दोष कोणा एकाचा, असे मी म्हणत नाही. पाहुणा गुरू होऊ लागला म्हणजे घरात दोन चुली होण्याचा संभव असतो, एवढेच निदर्शनास आणतो.

त्यानंतर या लोकांवर जे ओढवले ते जगास ठाऊक आहे. १९१५ पासूनच्या हत्याकांडात तुर्की साम्राज्यातील त्यांच्या पुरातन वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये, काराबाख प्रांतातून एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसे घरदार सोडून आर्मेनियात आली. आज सेवाभावाने तिकडे जाणाऱ्यास अशा दुःखितांची गाठ पडणारच. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, औषध द्यावे, मुलांना शिकवावे. या गोष्टी अवश्य कराव्यात. पण सतरा शतके ज्या लोकांनी आपला विश्वास जिवापाड जपला, त्यांस श्रद्धेचा पहिला धडा द्यावयास आपण आलो आहोत, असा आव मात्र कोणी आणू नये.

अल्पकालीन यात्रा व्यर्थ नसते. तिचे मोल दिवसांच्या संख्येवर ठरत नाही; जाणाऱ्यास पाहुणा होता येते की नाही, यावर ते ठरते. मार्टिन यांचे भाषांतर हे वर्षांच्या कष्टाचे फळ होते. ते पाच दिवसांत झाले नसते. पाच दिवसांत माणसास एकच गोष्ट साधण्याजोगी असते, ती म्हणजे यजमानाचा स्नेह जोडणे. तोकातच्या अनोळखी आर्मेनियनांनी एका परदेशस्थाच्या देहास आपल्या भूमीत जागा दिली. ती शिकवण त्यांना कोणी बाहेरून आणून दिलेली नव्हती.