हिमप्रदेशांतील कॅमेरा

बर्फाचें पाणी भरलेला पेला मेजावर ठेवला, तर थोड्याच वेळांत त्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमूं लागतात. पेला गळत नसतो. खोलींतील हवेंतलें बाष्प त्या गार काचेला लागून त्याचें पाणी होतें. बर्फाळ प्रदेशांत कॅमेरा नेणाऱ्यानें हा पेला नेहमीं डोळ्यांपुढें ठेवावा. तेथें थंडीपेक्षां हें पाणीच अधिक घातक असतें.

हर्बर्ट पाँटिंग हा इंग्रज छायाचित्रकार १९१० सालीं निघालेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेंत होता. केप इव्हान्स येथील लांकडी झोपडींत शेगडी पेटलेली असे, आणि पंचवीस माणसांचा श्वास व स्वयंपाकाची वाफ आंत कोंडलेली असे. बाहेरचा कॅमेरा आंत आणला कीं तो ओलाचिंब होई. म्हणून पाँटिंग आपले कॅमेरे बाहेर थंडींतच ठेवी. पाहणाऱ्यास हा निष्काळजीपणा वाटावा. पण अनुभव त्याच्या बाजूचा होता. भिंगावर श्वास पडला तर त्याचा तत्काळ बर्फाचा पापुद्रा होई, धातूला उघडें बोट लागलें तर तें गोठे. एकदां दृश्य नेमकें करतांना त्यानें ओंठांवरून जीभ फिरविली; ती कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तेथेंच चिकटली. हिसडा देऊन सोडविली, तेव्हां शेंड्याची कातडी कॅमेऱ्यावरच राहिली!

नुसत्या थंडीनें चित्रें जात नाहींत, याची साक्ष स्वीडनच्या आंद्रे याच्या मोहिमेनें दिली आहे. १८९७ सालीं फुग्यांतून उत्तर ध्रुवाकडे निघालेले ते तिघे परतले नाहींत. १९३० सालीं क्विटोया बेटावर त्यांचे अवशेष, आणि त्यांच्यापैकीं निल्स स्ट्रिंडबर्ग यानें घेतलेल्या फिल्मा सांपडल्या. तेहतीस वर्षांनंतर त्या धुतल्या असतां ९३ चित्रें हातीं लागलीं. बर्फावर कलंडलेला फुगा व त्याच्यापाशीं उभे असलेले दोघे सोबती त्यांतील एका चित्रांत आजहि दिसतात.

श्रोत्यांपैकीं पुष्कळजण आतां हिवाळ्यांत गुलमर्गास किंवा मनालीस जातात. कॅमेरा डिजिटल असला तरी नियम पाँटिंगचाच. गारठलेला कॅमेरा खोलींत नेण्यापूर्वीं बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवींत घालावा, आंतली हवा दाबून काढावी व तोंड घट्ट बांधावें. दंव मग पिशवीवर धरतें. दोन तास तरी ती उघडूं नये. मुलें चित्रें पाहण्यास उतावीळ होतात. त्यांच्यासाठीं कार्ड बाहेरच काढून घ्यावें. ऊब मिळावी म्हणून कॅमेरा कोटाच्या आंत धरण्याची माया करूं नये, कारण तेथें घामाची वाफ असते. वर पडलेला हिम मऊ ब्रशनें झाडावा, फुंकूं नये.

अपवाद बॅटरीचा. थंडींत तिच्यांतील रासायनिक क्रिया मंदावते व ती रिकामी झाल्यासारखी भासते. आंतल्या खिशांत ठेवली कीं पुन्हां कांहीं वेळ चालते. म्हणून जादा बॅटरी अंगाशींच बाळगावी. मात्र गोठलेली बॅटरी लगेच चार्ज करण्यास लावूं नये. आधीं ती खोलीच्या उष्णतेस येऊं द्यावी.