दळण आपलं, गिरणी दुसऱ्याची

स्वयंपाक उरकला असेल, भांडी राहिली असतील. हात चालू राहू देत, कान मात्र इकडे द्या. आज आमचा ग्रामसंघ तुमच्याशी बोलणार आहे ते आपल्या माहितीबद्दल. आपलं नाव, आधार नंबर, फोन नंबर, घरात माणसं किती, कर्ज किती, हप्ते किती थकले. ही माहिती आपण देतो एकाच्या हातात आणि ती राहते दुसऱ्याच्याच घरी. मग तिची जबाबदारी कुणाची? एवढंच आज बोलायचं आहे.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या गटातल्या एका मावशींनी शेळ्या घ्यायला एका वित्त कंपनीकडून ३० हजारांचं कर्ज घेतलं. कंपनीचा मुलगा टॅब घेऊन घरी आला. आधार कार्डाचा फोटो काढला, मावशींचा फोटो काढला, अंगठा घेतला. चार महिने हप्ते वेळेवर गेले. पाचव्या महिन्यात मावशींना फोन आला. "मावशी, तुमचे चार हप्ते अगदी वेळेवर आहेत, म्हणून तुम्हाला आणखी ५० हजार मंजूर झालेत. मोबाइलवर एक नंबर येईल तेवढा सांगा." हप्त्याची रक्कम त्याला ठाऊक होती. मावशींच्या नवऱ्याचं नावसुद्धा ठाऊक होतं. एवढं सगळं माहीत असलेला माणूस कंपनीचाच असणार, असं कुणालाही वाटेल. मावशी नंबर सांगणारच होत्या, तेवढ्यात सुनेनं फोन हातातून काढून घेतला. म्हणून पैसे वाचले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजणी शाखेत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "ताई, आमच्याकडून काही गेलेलं नाही. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे. सगळी माहिती त्यांच्याकडे असते. आम्ही काय करणार?" आम्ही गप्प बसलो आणि घरी आलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हाला ते उत्तर पटलं होतं. बाहेरच्या कंपनीचं म्हटल्यावर विचारायचं कुणाला?

ते उत्तर चुकीचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. का चुकीचं, ते दळणाच्या हिशेबानं सांगतो.

समजा, तुम्ही दुकानदाराला ज्वारी दिलीत आणि म्हणालात, पीठ करून द्या. दुकानदाराची स्वतःची गिरणी नाही. तो ती ज्वारी गावातल्या गिरणीवर पाठवतो. गिरणीवाल्याचं काम काय? सांगितलं तसं दळायचं. बारीक म्हटलं तर बारीक, जाडसर म्हटलं तर जाडसर. एकीचं दळण दुसरीच्या दळणात मिसळायचं नाही. त्यातलं पीठ काढून विकायचं नाही. काम झालं की सगळं परत द्यायचं. आता पिठात खडे निघाले, तर तुम्ही कुणाकडे जाल? दुकानदाराकडेच ना? तुम्ही ज्वारी त्याच्या हातात दिली होती. गिरणीशी व्यवहार त्याचा, तुमचा नव्हे. "गिरणीवाल्याला विचारा," असं म्हणून त्याला सुटता येत नाही.

माहितीचंही असंच आहे. वित्त कंपनी म्हणजे दुकानदार आणि सॉफ्टवेअरवाली कंपनी म्हणजे गिरणी. खरं तर गिरण्या एकापेक्षा जास्त असतात. टॅबमधलं ॲप एका कंपनीनं बनवलेलं असतं. माहिती साठवायची जागा दुसऱ्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेली असते. त्यालाच क्लाऊड म्हणतात. नाव आभाळाचं असलं तरी ते जमिनीवरच्या इमारतीत ठेवलेले मोठे कॉम्प्युटर असतात. हप्त्याची आठवण करून देणारे मेसेज पाठवायचं काम तिसऱ्या कंपनीकडे असतं. आपण कागद दिला एका माणसाला, पण तो जातो तीन-चार घरांत.

यात लगेच घाबरण्यासारखं काही नाही. प्रत्येक दुकानदारानं स्वतःची गिरणी बांधावी, असं कुणी म्हणत नाही. पण गिरणीवर दळण पाठवताना काय ठरलं होतं, हे महत्त्वाचं.

आपल्या देशात यासाठी २०२३ साली कायदा झाला. त्याचं नाव डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्यातली एक गोष्ट ऐकून आम्हाला बरं वाटलं. त्या इंग्रजी कायद्यात व्यक्तीचा उल्लेख 'ती' असा केला आहे, आणि 'ती' म्हणजे कुणीही, बाई असो वा पुरुष, असं व्याख्येत सांगून टाकलं आहे.

हा कायदा दोन भूमिका वेगळ्या करतो. माहिती कशासाठी घ्यायची आणि तिचं काय करायचं, हे जो ठरवतो तो माहितीचा विश्वस्त. त्याच्या सांगण्यावरून माहितीचं काम करून देतो तो दुसरा. आणि कायदा स्पष्ट म्हणतो की काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी विश्वस्ताचीच. त्यांनी आपसात कसलाही करार केलेला असो. काम बाहेर द्यायचं असेल तर रीतसर करार करूनच द्यायचा. माहिती गिरणीत असली तरी ती सुरक्षित ठेवायची विश्वस्तानंच. काम संपलं की आपल्याकडची माहिती पुसायची आणि गिरणीवाल्याकडूनही पुसून घ्यायची. माहिती फुटली तर जिची फुटली तिला कळवायचं. सुरक्षिततेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने दिले आहेत. म्हणजे आपले हक्क आणि त्यांच्या जबाबदाऱ्या पूर्णपणे लागू होतील त्या मे २०२७ मध्ये. तोवर आपण उघड्यावर आहोत का? नाही. कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्त कंपन्यांवर रिझर्व्ह बँकेचे नियम आजही आहेत. काम बाहेर दिलं म्हणून त्यांची जबाबदारी कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकही सांगते. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले फोटो, फाइली, नातेवाइकांचे नंबर, कुणाला किती फोन केले याची यादी, यातलं काहीही उघडून बघता येत नाही. ॲप तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघू देण्याची परवानगी मागत असेल, तर तिथेच थांबा.

हे समजल्यावर आम्ही पुन्हा शाखेत गेलो. या वेळी अर्ज घेऊन गेलो. शाखेच्या भिंतीवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर लावलेला असतो. अर्ज त्यांच्या नावानं केला. तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून त्यात काय लिहिलं ते सांगतो. 'माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे? ती तुम्ही कोणत्या कंपन्यांना दिली आहे आणि कोणत्या कामासाठी? ती कोणकोणाला बघता येते? कर्ज फिटल्यावर ती किती दिवस ठेवणार? अमुक तारखेला मला आलेल्या फोनबद्दल तुम्ही काय चौकशी केली? उत्तर मराठीत आणि लेखी द्यावे.' दोन प्रती काढल्या. एकीवर पोच घेतली, शिक्का आणि तारखेसह. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सॉफ्टवेअर कंपनीकडे दोष सापडला नव्हता. वसुलीचं काम सोडून गेलेल्या एका मुलाचं लॉगिन शाखेनं बंदच केलेलं नव्हतं. नोकरी सोडली तरी त्याच्या पासवर्डनं आमच्या सगळ्यांची खाती उघडत होती. फोन त्यानंच केला, असं सिद्ध झालं नाही आणि आम्हीही तसं म्हणत नाही. पण दार उघडं होतं, हे कंपनीनं मान्य केलं आणि ते बंद केलं. म्हणजे बघा, साहेबांनी ज्या गिरणीकडे बोट दाखवलं तिथे बिघाड नव्हता. किल्ली दुकानातच विसरली होती.

मैत्रिणींनो, इथपर्यंत गोष्ट सांगायला आम्हाला सोपी गेली. कारण चूक दुसऱ्याची होती. पुढची गोष्ट आमची आहे.

त्याच आठवड्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "आपल्या ॲपचं काय?" सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. आपल्या गटांचे हिशेबही आता मोबाइलवर असतात. नाबार्डनं २०१५ साली गटांच्या नोंदी डिजिटल करायला ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत झारखंडमधला रामगढ होता आणि आपला धुळे होता. म्हणजे आपल्या बायकांचे हिशेब मोबाइलवर जायला लागून बरीच वर्षं झाली. शिवाय आमचा मसाल्याचा उद्योग आहे. त्याच्या ऑर्डरी आणि बिलं एका छोट्या ॲपवर चालतात. त्यात गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते आहेत. ते ॲप आम्ही बनवलेलं नाही. कुठल्यातरी कंपनीचं आहे, आम्ही वर्षाचे पैसे भरतो.

म्हणजे त्या गिऱ्हाइकांसाठी दुकानदार कोण? आम्हीच. मसाला मागवणाऱ्या बाईनं पत्ता आमच्या भरवशावर दिला होता. ॲप बनवणाऱ्या कंपनीला ती ओळखतसुद्धा नाही. नोंदणी असो वा नसो, माणसांचा समूहही कायद्यातल्या व्याख्येत येतो. आपण बचत गट आहोत, आपल्याला काय होतंय, असं म्हणून चालणार नाही.

आम्ही तपासायला बसलो आणि मान खाली गेली. दोन वर्षांपूर्वी बदललेल्या सचिवांच्या जुन्या मोबाइलमध्ये ॲप अजून चालू होतं आणि तो मोबाइल त्यांचा पुतण्या वापरत होता. पासवर्ड सगळ्यांना पाठ, कारण तो गटाचंच नाव होता. सदस्यांच्या आधार कार्डांचे फोटो गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडून होते. त्या ग्रुपमध्ये गावातली चार माणसं अशी होती, जी कशी आली ते कुणालाच आठवेना. आम्ही शाखेतल्या साहेबांवर रागावलो होतो. आमच्या घरचं दारही तसंच उघडं होतं.

मग कामाला लागलो. जुनं लॉगिन बंद केलं. पासवर्ड बदलला आणि तो दोघींकडेच ठेवला. पदाधिकारी बदलल्या की त्याच बैठकीत पासवर्ड बदलायचा, असा ठराव इतिवृत्तात लिहिला. आधारचे फोटो ग्रुपमधून काढले आणि प्रत्येकीला तिच्या फोनमधूनही काढायला लावले. यापुढे आधारची प्रत द्यायची झाली, आणि समोरच्याला चालत असेल, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी द्यायची. अशी झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून निघते. मसाल्याच्या ऑर्डरीला गिऱ्हाइकाची जन्मतारीख कशाला हवी होती? ॲपमध्ये रकाना होता म्हणून आम्ही भरत होतो. तो भरणं बंद केलं. जी माहिती घेतलीच नाही ती फुटणार कशी?

आणि ॲपवाल्या कंपनीलाही आम्ही विचारलं. आमच्या गिऱ्हाइकांची यादी तुम्ही स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरता का? आणखी कुणाला देता का? माहिती फुटली तर आम्हाला कधी कळवाल? आम्ही ॲप सोडलं तर यादी आम्हाला परत देऊन तुमच्याकडची पुसाल का? तीन प्रश्नांची उत्तरं नीट आली. पुसण्याबद्दलचं उत्तर अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं आहे.

एक गैरसमजही दूर करतो. कर्ज फिटलं, आता माझं सगळं पुसा, असं लगेच म्हणता येत नाही. ओळखीची कागदपत्रं व्यवहार संपल्यावर पाच वर्षं ठेवणं बँकांना आणि वित्त कंपन्यांना कायद्यानंच भाग आहे. कर्जाची नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाणं हेही कायद्यानुसारच आहे. तुमच्या नावावर तिथे काय लिहिलंय, याचा पूर्ण अहवाल प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो जरूर मागवा. चुकीचं कर्ज लागलेलं असेल तर त्यातूनच कळतं.

आता नंबर लिहून घ्या, कॅलेंडरच्या मागे लिहा. फसवणूक होऊन पैसे गेले तर ताबडतोब १९३०. बँकेनं किंवा वित्त कंपनीनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते. आधारबद्दल काही असेल तर १९४७.

आणि पुढच्या बैठकीसाठी एक काम. बचत जमा झाली, हिशेब वाचून झाला की शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. गटाचं ॲप कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहे, हे प्रत्येकीनं हात वर करून सांगायचं. जिच्याकडे असायला नको तिच्याकडून ते तिथल्या तिथे काढायचं. रुसवा-फुगवा होईल, आमच्याकडेही झाला. जुन्या सचिवांना वाटलं, आपल्यावर संशय घेतला. आम्ही त्यांना म्हटलं, ताई, संशय तुमच्यावर नाही, पण किल्ली ज्याची त्याच्याकडे बरी. त्यांनी स्वतःच ॲप काढून टाकलं. आणि त्या मावशी? त्यांच्या शेळ्यांना आता करडं झाली आहेत. परवा त्या शाखेत हप्ता भरायला गेल्या, तेव्हा साहेबांना म्हणाल्या, "काय साहेब, कुलूप लावलंय ना?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.