उतारा घरच्यांच्या हाती

अफूजन्य औषधाची मात्रा अधिक झाली की श्वास मंदावतो आणि रुग्णवाहिका येण्यापूर्वीच माणूस दगावू शकतो. नॅलोक्सोन हा त्यावरील उतारा. अमेरिकेत त्यास १९७१ साली मान्यता मिळाली, परंतु ते दीर्घकाळ वैद्यकीय व्यावसायिकांच्याच हाती राहिले. शिकागोत १९९६ मध्ये ते व्यसनाधीनांच्या हाती देण्यास आरंभ झाला. स्कॉटलंडने २०११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमच आखला.

व्यसनाधीनांना त्याचे मोल चटकन पटते. त्यांनी सोबती गेलेले पाहिलेले असतात. अडखळतात ते वेदनेसाठी मॉर्फिनसारखी औषधे घेणारे रुग्ण. आम्ही काय व्यसनी आहोत, असे ते विचारतात. वस्तुतः फुप्फुसाचा विकार किंवा जोडीला घेतलेली झोपेची गोळी, एवढ्यानेही धोका वाढतो.

शिवाय बेशुद्ध माणूस स्वतः औषध घेऊ शकत नाही. ते द्यावयाचे असते पत्नीने, मुलाने. त्यांना ते घरात हवे असते, पण हात चुकेल ही धास्तीही असते. नाकातील फवाऱ्याने ती पुष्कळ कमी केली. तथापि औषधाचा प्रभाव अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून रुग्णवाहिका बोलावणे व रुग्णाला एकटे न सोडणे हेही, औषध देतानाच, घरच्यांना समोर बसवून शिकवावे लागते.