करून पाहू या : घरचे स्वयंपाकघर आणि बिनअंड्याची भट्टी



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महिला मंडळाने केदारखेड्यात भरविलेल्या पाककला प्रदर्शनात पहिल्या मेजावर गट्टे, पापड, मुगाच्या वड्या, कच्च्या केळ्याचे वेफर असे आपल्या घराघरांतील परिचित पदार्थ मांडले आहेत. दुसऱ्या मेजावर मात्र केक, नानखटाई आणि पावभाजी आहे. पहिल्या मेजापुढे वडीलधारी मंडळी समाधानाने उभी राहतात. दुसऱ्या मेजापुढे त्यांच्या कपाळावर आठी उमटते. ‘आपल्या घरात हे कशाला?’ हा प्रश्न कुणी उघडपणे विचारला, कुणी मनात ठेवला. प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत भाषण त्याच प्रश्नासंबंधी आहे.

प्रथम पहिल्या मेजाकडेच पुन्हा एकदा पाहावे. कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून फोडणीत हिंग आला. ओले आले जमिनीखालचे, म्हणून सुंठ आली. बटाटा चालत नाही, म्हणून त्याचे काम कच्च्या केळ्यावर सोपविले गेले. पर्युषणात हिरवी भाजी सोडायची आणि घरातल्या दहा माणसांना जेवू तर घालायचे, या अडचणीतून बेसनाचे गट्टे, पापडाची भाजी आणि वाळवलेल्या वड्या स्वयंपाकघरात स्थिरावल्या. राजस्थानातून व्यापारासाठी मराठवाड्यात आलेल्या कुटुंबांनी तिकडच्या कोरड्या मुलखातील ही युक्ती सोबत आणली आणि इकडच्या ज्वारी-तुरीशी तिची सोयरीक जुळविली. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो, तो कोणे एके काळी कुण्या गृहिणीचा प्रयोगच होता. तो फसलाही असेल, घरच्यांनी नाकही मुरडले असेल. त्याची नोंद कुठे नाही, एवढेच.

भट्टीचेही तसेच. भाजणे म्हणजे परदेशी कला, असा एक समज आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली बाटी आणि आपल्याकडचा रोडगा हे दोन्ही भट्टीचेच पदार्थ होत. आच बाजूंनी लागावी, आतला भाग शिजावा आणि वरचे कवच करपू नये, हे शास्त्र शेतावर रोडगे लावणाऱ्या माणसाला पुस्तकावाचून ठाऊक असते. नानखटाईविषयी सांगितले जाते की, सुरतेत डच व्यापाऱ्यांसाठी चालणाऱ्या बेकरीचा वारसा ज्या पारशी कुटुंबाकडे आला, त्यांनी गिऱ्हाइकांना अंडी आणि ताडी यांचा विटाळ आहे हे ओळखून ती बनविली. कथा तंतोतंत खरी असो वा नसो, नानखटाईत अंडे नाही हे खरे, आणि म्हणूनच ती आपल्या घरात सहज शिरली.

दिवाळीपूर्वी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायची, रांगेत बसायचे आणि गरम नानखटाईचे डबे घरी आणायचे, ही महाराष्ट्रातील गावोगावची रीत अनेकांना आठवत असेल. सामान घरचे असल्याने मन निश्चिंत असे. परंतु ज्या पत्र्यावर आपली नानखटाई भाजली गेली, त्याच पत्र्यावर सकाळी अंड्याचा केक होता की काय, ही शंका सोवळ्या घरांतील स्त्रियांना राहून राहून येई. त्या शंकेनेच घरच्या वाळूच्या भट्टीला जन्म दिला. जाड बुडाच्या पातेल्यात धुऊन वाळविलेली नदीची वाळू दोन बोटे पसरायची, वर तिवई ठेवायची, झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे तापवायचे आणि मग त्यात भांडे ठेवायचे. पूर्णाकाठच्या गावाला वाळूची काय वाण! कुणी वाळूऐवजी मीठ घेते, कुणी शिट्टी आणि रिंग काढून कुकर वापरते. विजेची भट्टी पुष्कळ नंतर आली.

आता केकचा खरा प्रश्न. त्यात अंडे घालतात ते चवीसाठी नव्हे. चव तर वेलची-केशराची असते. अंडे तीन कामे करते : फेटल्यावर हवा धरून ठेवते, पीठ, स्निग्धांश आणि पाणी यांना एकत्र बांधते, आणि उष्णतेने घट्ट होऊन केकला आधार देते. ही तीन कामे दुसऱ्या कुणाला वाटून देता आली, तर अंड्याची गरजच उरत नाही. दुकानात एक गुमास्ता रजेवर गेला की त्याचे काम तिघांत वाटून देतात, तसेच हे. हवेचे काम दही आणि खाण्याचा सोडा करतात. दह्यातील आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे निघतात आणि पीठ फुलते. येथे कोणताही जीव वाढवावा लागत नाही. खमिराने पाव फुगविणे निराळे आणि सोड्याने फुलविणे निराळे, हा भेद नियम पाळणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगा आहे. बांधण्याचे काम आटवलेले दूध करते, किंवा आपल्या मराठवाड्यातील जवस करते. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे ठेवली की ती चिकट होते. आजवर आपण त्या जवसाची केवळ चटणीच केली! आधाराचे काम गव्हातील चिकटपणा आणि पिठूळ अंश मिळून करतात.

प्रमाण सांगायचे तर दीड वाटी कणीक किंवा मैदा, एक वाटी ताजे दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी पातळ केलेले तूप, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा. दही आणि साखर फेटून त्यात सोडा व बेकिंग पावडर घालावी आणि पाच मिनिटे थांबावे. फेस वर आला की तूप घालावे आणि मग पीठ हलक्या हाताने मिसळावे. सगळी मेख या हलक्या हातात आहे. पीठ जोराने घोटले की गव्हाचा चिकटपणा वाढून केक चिवट होतो. आणि मिश्रण तयार करून शेजारणीशी बोलत राहिले की वायू उडून जातो व केक बसतो. भट्टी आधी तापलेली असावी, मिश्रण नंतर. पहिला केक बिघडण्याचे कारण बहुधा हेच असते, आणि दोष मात्र अंडे नसण्यावर जातो.

मोसंबीच्या केकची कथा येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. आपल्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा घरच्या केकमध्ये मोसंबी घालावी, हे ओघानेच आले. परंतु दह्याच्या जागी मोसंबीचा रस घालून पाहिला, तर केक फुलत नाही, रंगाने काळवंडतो आणि साबणासारखा लागतो. कारण साधे आहे. मोसंबी नावालाच लिंबाच्या कुळातली. तिच्यात आम्ल फार थोडे. सोड्याला जोडीदार मिळत नाही आणि तो तसाच पडून राहतो. रसात चमचाभर लिंबू पिळले की काम होते. दुसरे असे की, मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो, म्हणून तो आयत्या वेळी काढावा. सुगंध तर रसापेक्षा सालीत अधिक असतो. वरची हिरवी-पिवळी साल तेवढी किसावी. खालचा पांढरा भाग आला की कडूपणा आलाच. व्हॅनिलाचा अर्क पुष्कळदा मद्यार्कात काढलेला असतो, त्यापेक्षा हा किस केव्हाही बरा.

ज्वारीचाही अनुभव असाच शिकविणारा. नुसत्या ज्वारीचा केक सुरीखाली भुगा होतो, कारण गव्हातील चिकटपणा तिच्यात नाही. परंतु जो अवगुण केकमध्ये, तोच नानखटाईत गुण. नानखटाई तोंडात विरघळायलाच हवी. ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, साजूक तूप आणि पिठीसाखर यांची नानखटाई मैद्याच्या नानखटाईहून खुसखुशीत होते, हे दुसऱ्या मेजावर जाऊन कुणीही ताडून पाहावे.

बेसनाचे नाव निघाले म्हणून द्विदलाची आठवण. कच्चे दही आणि डाळीचे पीठ एकत्र करणे आपल्याकडे वर्ज्य आहे. पाककृतीच्या छापील पुस्तकांत बेसन आणि दही सर्रास एकत्र सांगितलेले असते, ते तसेच उतरवून घेऊ नये. बेसनाच्या पदार्थाला लिंबू वापरावे. पिठाच्या मर्यादेचेही तेच. पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस, अशी मर्यादा पाळणाऱ्या व्रतींच्या घरी महिनोन् महिने पाकिटात पडलेला मैदा कसा चालावा? त्यांनी घरी दळलेली कणीक वस्त्रगाळ करावी. चाळणीने जाड कोंडा निघतो, पण केकला लागणारा मऊपणा मलमलीच्या फडक्यानेच येतो. मलमल मात्र बारीक विणीची आणि खळ धुऊन काढलेली असावी. सैल विणीचे फडके बाजारात स्वस्त मिळते, पण ते या कामाचे नाही.

हे प्रयोग करणाऱ्या भगिनींना मार्ग दाखविणारी माणसे होऊन गेली. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप दिले आणि ‘अंदाजाने घालावे’ या शब्दांच्या धाकातून नव्या सुनांची सुटका केली. माप असले की चूक शोधता येते. अंदाजाची चूक शोधायची कुठे? तरला दलाल यांचा जन्म १९३६ साली पुण्यातला. १९६६ मध्ये त्यांनी मुंबईत राहत्या घरी पाककलेचे वर्ग सुरू केले आणि १९७४ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले. पुढे शंभराहून अधिक पुस्तके निघाली. देशोदेशींचे पदार्थ शाकाहारी घरात कसे आणावेत, हे त्यांनी एका पिढीला शिकविले. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली; २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला मिळालेला तो राष्ट्रीय सन्मान आपल्या घरांतही पुरेसा साजरा झाला नाही, ही खंत येथे नोंदवावीशी वाटते.

कुणी म्हणेल, बाजारात हिरव्या ठिपक्याचे केक मिळतात, मग एवढी यातायात कशाला? पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका या शतकाच्या प्रारंभी आला आणि मोठी सोय झाली, हे मान्य. परंतु त्या नियमानुसार मध मांसाहारी गणला जात नाही. बटाटा, कांदा आणि लसूण यांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे मधाच्या बिस्किटावरही हिरवाच ठिपका असतो. थरथरणारी जेली, काही मिठाया आणि केकवरील सजावट यांत जिलेटिन असू शकते, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. तेथे मात्र तपकिरी खूण, जी आता त्रिकोणी झाली आहे, ती पाहावी. सुट्या विकल्या जाणाऱ्या, पाकीट नसलेल्या मालावर तर काहीच लिहिलेले नसते. दुकानदाराच्या शब्दावर किती विसंबायचे, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगायला नको.

आणि याहून मोठे कारण घरातील मुलांचे आहे. शाळेत मित्राच्या वाढदिवसाला केक कापला जातो आणि आपले मूल हात मागे घेते. एकदा घेते, दोनदा घेते. तिसऱ्यांदा खाते आणि घरी सांगत नाही. केक खाल्ल्यापेक्षा हे न सांगणे अधिक गंभीर आहे. ज्या घरात मुलाला फक्त ‘नाही’ ऐकू येते, तेथे ते लपवायला शिकते. ज्या घरात ‘थांब, आपण करून पाहू’ असे ऐकू येते, तेथे ते नियमाचे कारण विचारते. पुण्या-बंगळूरला शिकायला गेलेली मुले खोलीवर काय खातात, हे त्यांच्या आई-वडिलांनी आपल्या मनाला विचारावे. आपल्याच पंचक्रोशीतील एका घरी नातवाच्या वाढदिवसाचा केक संध्याकाळी पाचला कापतात. रात्रीभोजनाचा त्याग असलेल्या दादीला खाता यावा, म्हणून ही वेळ. पहिल्या वर्षी शाळासोबती हसले. पुढच्या वर्षी नातवानेच त्यांना कारण सांगितले आणि पहिला तुकडा दादीच्या हातावर ठेवून म्हणाला, ‘‘दादी, यात काही नाही, मी स्वतः चाळलंय.’’

मात्र एक गोष्ट परखडपणे सांगणे भाग आहे. आयंबिलाच्या दिवशीही आता नाना प्रकारचे पदार्थ होऊ लागले आहेत. तूप, तेल, दूध, दही, साखर सोडून जे अन्न घ्यायचे, त्याचेच डोसे, ढोकळे आणि काय काय! नियम अक्षराने पाळला जातो, परंतु रसपरित्याग ज्यासाठी सांगितला, ती जिभेची ओढ तशीच राहते. केक वाढदिवसाला जरूर असावा. पर्युषणात भट्टी थंडच राहू द्यावी. पाककला स्पर्धेच्या परीक्षकांनीही रंगीत सजावटीला गुण देण्याऐवजी, घटक पदार्थांची यादी कुणी प्रामाणिकपणे लिहिली आहे ते पाहावे.

महिला मंडळाने दुसऱ्या मेजावरील प्रत्येक ताटलीपुढे तशी यादी ठेवली आहे. मोसंबीचा केक डाव्या बाजूला आहे, व्रतींसाठी वस्त्रगाळ कणकेचा केक स्वतंत्र झाकून ठेवला आहे, आणि ज्वारीची नानखटाई मधल्या परातीत आहे. सूर्यास्ताला अजून तासाभराचा अवकाश आहे. ज्येष्ठांनी आधी घ्यावे, ही विनंती.

जय जिनेंद्र!