वेगवान जुनी मोटार पहिल्यांदा घेताना

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सावकाश जावे, म्हणजे नागाव-चौलच्या वाड्यांतून एक दृश्य अधूनमधून दिसते. नारळी-पोफळींच्या सावलीत, निळ्या ताडपत्रीखाली एक मोटार उभी असते. मालक बहुधा मुंबईचा. ऐन उमेदीत हौसेने घेतलेली गाडी शहरात ठेवायला जागा नाही, विकायला मन होत नाही, म्हणून ती सुट्टीच्या घरी आणून ठेवलेली. २०२० च्या मार्चपासून मुंबईहून मांडव्याला मोटारी घेऊन रो-रो बोट येऊ लागली; तेव्हापासून तर समुद्र ओलांडून गाडी आणणे अगदी सोपे झाले आहे. पुढे केव्हा तरी मालकाचा विचार बदलतो, ताडपत्री निघते, गाडीला नवा रंग चढतो, आणि जुन्या वेगवान मोटारींचा नाद नुकताच लागलेला एखादा तरुण ती पाहावयास येतो. आजचे माझे चार शब्द त्या तरुणासाठी आणि त्याच्या घरच्या मंडळींसाठी आहेत.

वेगवान जुनी मोटार म्हटले, की विलायतेतील श्रीमंतांच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या मध्यम स्थितीतील माणसाच्या आवाक्यातल्या अशा गाड्या आपल्याच देशात बनलेल्या आहेत. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ साली निघाली आणि २००२ मध्ये बंद झाली. तिचा मूळ घाट इंग्लंडमधील व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. आरंभी तिला अँबॅसडरचेच १४८९ सी.सी.चे एंजिन होते, व त्या अवजड देहाला ते काही पेलवेना. पुढे जपानी इसुझू जातीचे १८०० सी.सी.चे एंजिन आले, तेव्हा कोठे तिला रूपाला साजेसा वेग लाभला. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची ११८ एन.ई. ही १९८५ ची. अंग फियाटचे आणि एंजिन निसानचे. २००१ मध्ये आलेली १६०० सी.सी.ची फियाट पॅलिओ तर सुमारे शंभर अश्वशक्तीची. ह्या गाड्यांवर जीव टाकणारी माणसे महाराष्ट्रात गावोगाव आहेत.

अशी गाडी पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम काय करतो? एंजिन सुरू करावयास सांगतो. तो गंभीर घोष कानी पडला, की त्याची निम्मी बुद्धी तेथेच हरपते. मीही असाच एकदा हरवलो होतो. काही वर्षांपूर्वी येथल्याच एका वाडीत मी एक कॉन्टेसा पाहिली. रंग ताजा, एंजिन तालेवार, किंमत माफक. तासाभरात व्यवहार ठरला. सहा आठवडे घरची सारी मंडळी तीत बसून हिंडलो. मग तेल बदलावयास गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने ती वर उचलली, खाली जाऊन पाहिले आणि मला हाक मारली. मागच्या आसनाचा सुरक्षापट्टा ज्या बोल्टाने तळाशी जखडलेला असतो, त्या बोल्टाशेजारी त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकविला. तो पुठ्ठ्यातून जावा तसा आरपार गेला. "साहेब, हा पट्टा हवेतच बांधलेला आहे," एवढेच तो म्हणाला. आदल्याच रविवारी त्या पट्ट्याच्या भरवशावर माझी मुलगी बसली होती, आणि मी एंजिनाचा आवाज ऐकण्यासाठी गाडी भरधाव सोडली होती. त्या क्षणी पायांखालची जमीन सरकली ती अजून आठवते.

त्या दिवसापासून माझा एक नियम झाला आहे. वेगासाठी घ्यावयाच्या गाडीची खरी परीक्षा ती उभी असतानाच करावी. एंजिन बिघडले तर उतरवून दुरुस्त करता येते, नाही तर दुसरे बसविता येते. पण ह्या गाड्यांना ट्रकप्रमाणे निराळा सांगाडा नसतो. पत्र्याची पेटी हाच त्यांचा सांगाडा. चाके, आसने, पट्टे, सारे काही त्या पत्र्यालाच जखडलेले असते. तो पत्रा समुद्राने खाल्ला, म्हणजे गाडीची हाडेच गेली.

आणि आमचा समुद्र खातो फार. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात व पत्र्याच्या सांधीकोपऱ्यांत बसतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, आणि ते खारे पाणी लोखंड गंजण्याची क्रिया झपाट्याने वाढविते. अलिबागेस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत ताडपत्रीने घट्ट आवळलेली गाडी पावसापासून वाचते खरी, पण आत कोंडलेली वाफ तिला सावकाश कुजविते. शिवाय हौशी मंडळी नागाव-काशीदच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी गाड्या पळवितात; अशा गाडीच्या पोटाखाली मीठ थापलेलेच असते.

तेव्हा गाडी पाहावयास जाताना खिशात एक लहानसे लोहचुंबक आणि हाती विजेची बत्ती असावी. दरवाजांखालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि दरवाजांची खालची बाजू येथे चुंबक लावावे. पत्रा असेल तेथे ते चिकटेल. पत्रा जाऊन त्या जागी लांबी भरलेली असेल तेथे गळून पडेल. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण नव्या रंगाच्या जुन्या गाडीइतकी दुसऱ्या कशासही लागू पडत नसेल. पायांखालचे गालिचे उचलून पाहावे. जादा चाकाचा खळगा, बॅटरीखालची बैठक, पुढच्या चाकांचे धक्के झेलणारे सांधे हे सारे बत्तीच्या उजेडात न्याहाळावे. त्यानंतर गाडी मिस्त्रीकडे नेऊन वर उचलावी. विकणारा त्यास कबूल नसेल, तर नमस्कार करून परत फिरावे.

एंजिनाची पाळी त्यानंतरची. मालकास आधीच सांगून ठेवावे, की मी येईपर्यंत एंजिन सुरू करू नका. थंड एंजिन कसे सुरू होते, ह्यावरून पुष्कळ कळते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते आहे. पांढरा धूर एंजिन तापल्यावरही थांबेना, तर पाणी आत शिरत असल्याचा संशय घ्यावा. मग कार्लेखिंडीचा चढ चढून पाहावा. चढावर उष्णतेचा काटा वर वर सरकत राहिला, तर त्याचे कारण कळल्यावाचून पुढचे बोलणे करू नये.

टायरांची नक्षी शाबूत दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१२ असे असेल, तर तो टायर २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. असे रबर बाहेरून काळेभोर दिसले, तरी वेगात त्याचा भरवसा नाही. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषून घेते, म्हणून ते बदलावेच. तसेच, आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्ब्युरेटरमधील व नळ्यांतील रबर ते सोसणारे नसते. हे सारे रबर प्रथम बदलून घ्यावे. पेट्रोल गळून एंजिनावर ठिबकणे म्हणजे आगीस आमंत्रण होय.

आता कागदपत्रांविषयी. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक आणि एंजिनाचा क्रमांक हे नोंदणीपुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. ह्या जातीच्या गाड्यांत एंजिन बदललेले पुष्कळदा आढळते. त्यात पाप नाही, पण त्याची रीतसर नोंद हवी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिचे पुढे दर पाच वर्षांनी, गाडीची तपासणी होऊन, नूतनीकरण करावे लागते. ते राहिलेले असल्यास भुर्दंड कोणी सोसावयाचा, हे व्यवहारापूर्वीच ठरवावे. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० भरून द्यावे लागतात, एम.एच. ०६ ची गाडी असेल, तर ते काम पेणच्या परिवहन कार्यालयात होते. गाडीवर कर्जाचा बोजा नाही, ह्याचीही खातरजमा करावी. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी दिली आहे. पण १९८४ ची पहिली कॉन्टेसादेखील २०३४ पर्यंत त्यात बसत नाही. तिच्या नावाने कोणी चढी किंमत मागू लागला, तर हे ध्यानात असावे.

पैशाचा हिशेब थोडक्यात सांगतो. जवळची सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. किमतीइतकीच दुसरी रक्कम पहिल्या वर्षाच्या डागडुजीसाठी बाजूस ठेवता येत नसेल, तर आणखी एक वर्ष थांबावे.

माझ्या त्या कॉन्टेसाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. सांधण्याचा खर्च गाडीच्या मोलाहून अधिक होऊ लागला, म्हणून ती मी मोडीत काढली; दुसऱ्या कोणाच्या मुलीसाठी ती विकण्याचे धैर्य मला झाले नाही. दोन वर्षांनी मी घाटावरची एक गाडी घेतली. रंग विटलेला, आसने फाटलेली, एंजिन दमेकऱ्यासारखे. पण तळाशी चुंबक टच् करून बसले. एंजिन यथावकाश नीट झाले. आता ती येथे समुद्राकाठीच असते. पुळणीवर मात्र कधी जात नाही. दर आठवड्यास तिचे पोट गोड्या पाण्याने धुतो, वारा खेळेल अशा छपराखाली ठेवतो, आणि रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना तिला थोडी धावू देतो. मुलगी आता स्वतः ती चालविते. आणि बसण्यापूर्वी, कोणी न सांगता, वाकून एकदा गाडीखाली पाहते.