सहवासातून भाषा, भाषेतून प्रदेश

(कवठे महांकाळ तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



खानापूर तालुक्यात उगम पावणारी अग्रणी नदी तासगाव व कवठे महांकाळ हे तालुके ओलांडून कर्नाटकात शिरते आणि पुढे कृष्णेला मिळते. वाटेत मराठीची हद्द संपून कन्नडची सुरू होते. पाणी मात्र एकच राहते. त्या पाण्याविषयी, बंधाऱ्यांविषयी, टंचाईविषयी दोन्हीकडील गावांना परस्परांशी बोलावेच लागते. शेजारच्या जत तालुक्यात कन्नड बोलणारी गावे आहेत, कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तेथे बदलून गेलेल्या ग्रामसेवकाला अथवा आरोग्यसेविकेला कन्नड येत नसेल, तर ग्रामस्थाची तक्रार आणि मातेचे दुखणे दुभाष्याच्या तोंडूनच ऐकावे लागते. तेव्हा प्रश्न असा की, नोकरी व संसार सांभाळणाऱ्या प्रौढ माणसाने नवी भाषा शिकावी कशी?

या प्रश्नाचे एक विचार करण्याजोगे उत्तर नॉर्वे या देशात सापडते.

लोकविद्यालयांची परंपरा

१९ व्या शतकात डेन्मार्कमधील धर्मचिंतक ग्रुंटविग यांनी असा विचार मांडला की, शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींना पाठांतर व परीक्षा यांपेक्षा मातृभाषेतील जिवंत संवाद, इतिहास आणि सहजीवन यांची गरज अधिक आहे. या विचारातून १८४४ साली डेन्मार्कमध्ये रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय उघडले. १८६४ साली हर्मन आंकर व ओलाउस आर्वेसेन यांनी नॉर्वेतील हामार येथे 'सागातून' हे त्या देशातील पहिले लोकविद्यालय काढले.

नॉर्वेत या चळवळीला भाषेचे विशेष महत्त्व होते. हा देश १८१४ पर्यंत शतकानुशतके डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होता आणि लिखित व्यवहार डॅनिशमध्ये चाले. खेड्यापाड्यांतील बोली कागदावर येत नसत. १८८५ साली तेथील संसदेने ग्रामीण बोलींवर आधारलेल्या लेखनभाषेला प्रचलित भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. आपली बोली कमी प्रतीची नाही, हा आत्मविश्वास निर्माण करण्यात लोकविद्यालयांचा वाटा मोठा होता.

आज नॉर्वेत अशी सुमारे ८० विद्यालये आहेत. तेथे परीक्षा नाही, गुण नाहीत. विद्यार्थी प्रौढ तरुण असतात. ते साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष विद्यालयातच राहतात. शासन अनुदान देते, मात्र निवास व भोजनाचा खर्च विद्यार्थ्याने करावयाचा असतो. परदेशांतूनही विद्यार्थी येतात. स्वयंपाकघरात भांडी घासताना, एकत्र जेवताना, गाणी म्हणताना नॉर्वेजियन भाषा त्यांच्या कानी पडते आणि हळूहळू जिभेवर येते.

मोकळ्या हवेतील शिक्षण

अनेक विद्यालयांत या शिक्षणाचा काही भाग डोंगरात होतो. 'फ्रिलुफ्त्सलिव्ह', म्हणजे मोकळ्या हवेतील जीवन, हा नॉर्वेच्या संस्कृतीचा गाभा मानला जातो. १९५७ च्या कायद्याने पडीक माळ, जंगल व डोंगर यांतून पायी फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. मात्र उभ्या पिकातून जाता येत नाही आणि वस्तीच्या घरापासून १५० मीटरच्या आत तंबू ठोकता येत नाही. डोंगरात वावरण्याचे नऊ नियमही लोकमान्य आहेत. वेळीच माघारी फिरावे, त्यात कमीपणा नाही, हा त्यांतील एक.

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने याचा लाभ उघड आहे. पाठीवर ओझे आणि समोर नकाशा असताना 'चढ', 'ओढा', 'थांबा', 'वारा फिरला' हे शब्द कोशात पाहावे लागत नाहीत. कृतीबरोबर आलेला शब्द सहसा विसरत नाही. शिवाय भूमीची ओळख झाली की तेथील माणसांच्या म्हणी, सण व चिंता यांचाही उलगडा होऊ लागतो.

आपल्याकडील पूर्वसंचित

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, श्रमली, शिकली. १९५९ साली सातारा जिल्ह्यातच सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत प्रौढांच्या साक्षरतेची जबाबदारी गावांनी स्वतःवर घेतली. जुन्या म्हैसूर राज्यातील प्रौढ शिक्षण परिषदेने तर डॅनिश लोकविद्यालयांच्या धर्तीवर ग्रामीण तरुणांसाठी निवासी 'विद्यापीठे' चालविली. म्हैसूर येथे १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. त्याच्या पुणे येथील केंद्रात अन्य राज्यांतील शिक्षकांना मराठी आणि म्हैसूर येथील केंद्रात कन्नड शिकविण्याचे दीर्घ मुदतीचे वर्ग चालत आले. म्हणजे एकत्र राहून शिकणे आणि प्रौढपणी भाषा शिकणे, या दोन्ही गोष्टींचा अनुभव आपल्याजवळ आहे. उणीव आहे ती त्यांना गावपातळीवर एकत्र आणण्याची.

काय करता येईल?

वर्षभराचा अभ्यासक्रम कर्मचाऱ्यांना झेपणार नाही. परंतु सुट्टीच्या काळात १५ दिवसांचे निवासी कन्नड शिबिर सीमाभागातील एखाद्या गावी भरविणे अशक्य नाही. २० ते २५ शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका व पंचायत सदस्य यांनी तेथे एकत्र राहावे. सकाळी उन्हापूर्वी नदीकाठाने अथवा माळाने गावातील जाणत्या शेतकऱ्याबरोबर चालावे. झाडे, माती, विहिरी, बंधारे यांची नावे त्याच्याकडून ऐकावीत. दुपारी बाजारात व दवाखान्यात लागणारी वाक्ये घोकावीत. संध्याकाळी भजन किंवा कथा ऐकावी. स्वयंपाक व सफाई सर्वांनी वाटून घ्यावी. ठरावीक वेळात मराठी बोलावयाचे नाही, एवढे एक बंधन पाळावे.

नॉर्वेची नक्कल येथे चालणार नाही. आपल्याकडील ऊन कडक, शिवार लागवडीचे. म्हणून वाटा शेतकऱ्याच्या संमतीनेच ठरवाव्या लागतील. महिला कर्मचाऱ्यांच्या निवासाची स्वतंत्र व सुरक्षित सोय प्रथम व्हावी, अन्यथा ज्यांना या भाषेची सर्वाधिक गरज आहे त्याच बाहेर राहतील. परीक्षा नसली तरी शिस्त हवी, आणि शिबिरानंतर प्रत्येकाने एका कन्नडभाषिक कुटुंबाशी संबंध टिकवावा.

पंधरा दिवसांत कोणी पंडित होणार नाही. परंतु 'पाणी कधी आले?', 'बाळाला ताप केव्हापासून आहे?' हे दोन प्रश्न जो अधिकारी समोरच्याच्या भाषेत विचारू शकेल, त्याच्यापुढे माणूस मोकळा होईल. 'अण्णा' आणि 'अक्का' ही संबोधने या मुलखात मराठी व कन्नड अशा दोन्ही घरांत रुळलेली आहेत. त्यांच्या पुढचे वाक्य शिकण्याचे काम तेवढे आपल्याकडे उरले आहे. ग्रामपंचायती, शिक्षक व प्रशासन यांनी मिळून ते हाती घ्यावे.